पोलके, पेटी आणि गुरुवारची सुट्टी

१/
परकर-पोलके हा शब्द आपण आजीच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेला असतो. त्यातला परकर आपल्या ओळखीचा; पोलके मात्र फार लांबून आलेले आहे. १८४४ च्या सुमारास पॅरिस आणि लंडनमध्ये पोल्का नावाच्या नृत्याचे असे वेड पसरले की व्यापाऱ्यांनी हाती लागेल त्या वस्तूला तेच नाव देण्याचा सपाटा लावला. पुढे कापडावरच्या ठिपक्यांना ते नाव मिळाले. स्त्रियांच्या आखूड, अंगाबरोबर बसणाऱ्या जाकिटालाही मिळाले. त्या जाकिटाचे नाव इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि मराठीत त्याचे पोलके झाले, असे मानले जाते. नाच आपल्या अंगणात आला नाही. त्याचे नाव मात्र घरोघरी शिवले गेले.

२/
मित्रहो, आजचा थ्रेड त्या पोल्काविषयी आहे आणि त्याच्या जोडीने आकुर्डीच्या भजनी मंडळांविषयी आहे. या दोहोंचा संबंध काय, अशी शंका येणे रास्त आहे. दोन्ही गाणी खेड्यात जन्मली आणि कारखान्याच्या गावात येऊन राहिली. दोन्ही वाढवली ती बहुतांशी कामावरून घरी परतलेल्या हौशी माणसांनी. मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. माझे बाबा एका कारखान्यात यंत्रचालक होते आणि आकुर्डीतल्या एका भजनी मंडळात टाळकरी. त्यामुळे एक प्रश्न अभ्यासाआधी घरातूनच माझ्या वाट्याला आला: कष्टकऱ्यांचे गाणे नेमके कशावर जगते?

३/
आधी पोल्का. १८३० च्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, हा नाच रुजला. दोन मात्रांचा चटपटीत ठेका, जोडीने घ्यायच्या गिरक्या आणि मध्ये एक छोटीशी उडी. दहा वर्षांच्या आत प्रागहून तो पॅरिस आणि लंडनला पोहोचला. स्मेतानाने पोल्का रचले, योहान श्ट्राउसने व्हिएन्नात रचले. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या नृत्यसमारंभांतही पोल्का वाजू लागला. मात्र दरबारी वेडाचे आयुष्य थोडेच असते. उच्चभ्रू दिवाणखान्यांत नव्या नाचांची लाट आली आणि पोल्का मागे पडला. त्याचे खरे दीर्घायुष्य पुढे, वेगळ्याच लोकांच्या हाती लिहिलेले होते.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलिश, चेक, स्लोव्हेन आणि जर्मन शेतकरी अमेरिकेकडे निघाले. कोणी खाणीत उतरले, कोणी पोलादाच्या भट्टीसमोर उभे राहिले, कोणी कत्तलखान्यात लागले. क्लीव्हलंड, शिकागो, मिलवॉकी अशा शहरांत त्यांच्या वस्त्या झाल्या आणि प्रत्येक वस्तीचा पोल्का निराळा झाला. क्लीव्हलंडचा स्लोव्हेन धाटणीचा, शिकागोचा पोलिश धाटणीचा. टेक्सासमध्ये तर जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांचा ठेका व ॲकॉर्डियन मेक्सिकन कष्टकऱ्यांनी उचलला, आणि त्यातून नॉर्तेन्यो व कॉन्हुंतो ही त्यांची स्वतःची गाणी उभी राहिली. शेजारच्या वस्तीतले वाद्य उचलायला कोणी परवानगी विचारीत नाही.

५/
या परंपरेतले सर्वांत गाजलेले नाव फ्रँकी यांकोविक. जन्म १९१५, आईवडील स्लोव्हेनियातून आलेले. क्लीव्हलंडमधल्या त्यांच्या घरी एकटे कामगार भाड्याने राहत असत. त्यांच्यापैकी एकाच्या बटणांच्या ॲकॉर्डियनने या मुलाला वेड लावले आणि तो त्याच्याकडूनच वाजवायला शिकला. १९४८ मध्ये त्याची ‘जस्ट बिकॉज’ ही ध्वनिमुद्रिका देशभर गाजली आणि त्याच वर्षी मिलवॉकीत त्याला पोल्काचा राजा म्हणून गौरवण्यात आले. पोल्कासाठी ग्रॅमी पुरस्काराचा स्वतंत्र विभाग निघाला तेव्हा पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला. मला मात्र त्या राजापेक्षा त्याला शिकवणारा भाडेकरू अधिक महत्त्वाचा वाटतो. पाळी संपवून आलेला, एका खोलीपुरता संसार असलेला तो माणूस वाद्य सोबत घेऊन आला होता, म्हणून पुढचे सारे घडले.

६/
आता त्या वाद्याकडे वळू. १८२९ मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियन याने ॲकॉर्डियन या नावाचे एकस्व मिळवले. भात्याने हवा ढकलायची आणि ती धातूच्या पातळ पट्टीवरून जाऊ द्यायची. पट्टी थरथरते आणि सूर निघतो. पुढे पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेनने याच तत्त्वावर मोठे वाद्य बनवले आणि त्याला हार्मोनियम म्हटले. पायाने भाता हलवायचा आणि खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायचे, अशी ती योजना होती. म्हणजे पोल्काचा ॲकॉर्डियन आणि आपली पेटी ही जवळच्या नात्यातली भावंडे आहेत. एक अटलांटिक ओलांडून गेले, दुसरे हिंदी महासागर.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हार्मोनियमचे पाय काढले आणि भाता मागे घेतला. वाद्य जमिनीवर आले, मांडी घालून बसणाऱ्यांचे झाले. मराठी संगीत रंगभूमीने पेटीला मान दिला. गोविंदराव टेंबे यांनी तिला स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून उभे केले. तरी विद्वानांचा रोष होताच. पेटीचे सूर ठरलेले, त्यांत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे आक्षेप चुकीचे नव्हते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्या तीस वर्षांत आकाशवाणीवर पेटी नव्हती. गावोगावच्या देवळांत मात्र ती रोज संध्याकाळी वाजत होती.

८/
भजनाची परंपरा अर्थातच पेटीहून कितीतरी जुनी. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्याला दिंड्यांची शिस्त घालून दिली. पोल्का बोहेमियात रुजत होता ते हेच दशक. दिंडीत टाळ, वीणा आणि मृदंग. बैठकीच्या भजनात पुढे पेटी आली. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पहिल्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. म्हणजे कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून हे गाव वर्षातून एक रात्र गाणाऱ्यांचे यजमानपद सांभाळत आले आहे.

९/
मग कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६० च्या दशकात आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानांवर भूखंड आखले गेले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार गावांची मिळून नवनगरपालिका झाली. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ पडला. ज्यांच्या विहिरींनी तळ गाठला त्यांनी एसटी पकडली. कोणी मराठवाड्यातून आले, कोणी सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यातून, कोणी खानदेशातून, कोणी कोकणातून.

१०/
स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण माणसे मोजतो, रोजगार मोजतो, झोपड्या मोजतो. ट्रंकेत काय होते ते सहसा कोणी विचारत नाही. बाबा लातूरकडून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन शर्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांचे टाळ होते. शेजारच्या चाळीतले अण्णा पाटणच्या खोऱ्यातले. त्यांना पेटी येत होती, पण पेटी नव्हती. भोरकडचे एक मामा पखवाज वाजवीत. जळगावकडचे एक काका खड्या आवाजात गात. चौघांची ओळख झाली ती रेशनच्या रांगेत, आणि भजन ठरले ते तिथेच. पहिल्या वर्षी पेटीवाचूनच चालले. मग वर्गणी काढून एक जुनी पेटी घेतली. तिची एक पट्टी मुळातच बसकी होती. तो सूर टाळून वाजवण्याची अण्णांना सवय झाली.

११/
खरी अडचण पुढे आली. अभंग सगळ्यांना एकच पाठ होता. चाल मात्र चौघांची चार प्रकारची. लातूरकडची चाल संथ, शेवटचे चरण लांबवणारी. पाटणची सुटसुटीत, मध्येच टाळांना मोकळे रान देणारी. जळगावची टिपेला जाऊन तिथेच रेंगाळणारी. पट्टीवरूनही कुरबूर होई. एकाला काळी चार सोसत नसे, दुसऱ्याला पांढरी चार म्हणजे आळणी वाटे. काही आठवडे मंडळ मोडते की काय, अशी अवस्था होती. अखेर तोडगा निघाला तो कारखान्याच्याच शब्दात: ज्याची पाळी त्याची चाल. या आठवड्यात पाटण, पुढच्या आठवड्यात लातूर. इतरांनी टाळ धरायचे आणि निमूट मागे म्हणायचे.

१२/
दोन-तीन वर्षांनी काय झाले, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. निमूट मागे म्हणता म्हणता प्रत्येकाला इतरांच्या चाली येऊ लागल्या. काही ठिकाणी त्या एकमेकींत मिसळल्या. मुखडा पाटणचा, अंतरा लातूरचा, शेवटची चढण जळगावची आणि खाली आठ मात्रांचा भजनी ठेका भोरच्या हाताचा. ही चाल चारही गावांत कुठेच सापडणार नाही. ती आकुर्डीची आहे. क्लीव्हलंडचा पोल्का स्लोव्हेनियात जसाच्या तसा मिळत नाही, त्याचे कारणही हेच असले पाहिजे. स्थलांतरिताचे गाणे मूळ गावची नक्कल म्हणून सुरू होते आणि नव्या गावाचे होऊन बसते.

१३/
हे मला कळले ते मंडळाच्या वहीतून. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, वर हळदीकुंकवाची बोटे. पुढून अभंग, गौळणी, भारुडे, मागून हिशेब. प्रत्येक बैठकीची एक ओळ: तारीख, कोणाच्या घरी, कोणाची चाल, चहा कोणाचा, गैरहजर कोण. गैरहजेरीपुढे कारण दोन शब्दांत: दुसरी पाळी, रातपाळी, जादा काम, गावी. विद्यापीठात आम्हाला दप्तरे वाचायला शिकवतात: जमाखर्च, हजेरीपट, याद्या. घरातल्या फळीवर पडलेली ही वही त्याच जातीचे साधन आहे, हे वर्गातच एके दिवशी ध्यानात आले आणि त्या रात्री मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली.

१४/
वाचताना जाणवले की ही वही जितकी भक्तीची आहे तितकीच वेळापत्रकाची आहे. पहिली पाळी असणारे संध्याकाळी मोकळे, दुसरी पाळीवाले मध्यरात्री सुटणार, रातपाळीवाले नऊला डबा घेऊन निघणार. पाळ्या दर आठवड्याला फिरणार. म्हणजे चौदा माणसांना एकत्र बसवायचे तर नुसती इच्छा पुरत नाही. गणित जमावे लागते. वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने आखलेले चौकोन आहेत, त्यांत कोणाची कोणती पाळी ते मांडलेले आहे. एखाद्या नियोजन विभागाने करावे तसे हे काम कोणी सांगितल्यावाचून, कोणत्याही मोबदल्यावाचून, वर्षानुवर्षे चालले होते.

१५/
सगळे गणित ज्या एका दिवसावर जमत होते तो म्हणजे गुरुवार. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना साप्ताहिक सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीच्या वाट्याला गुरुवार आला. रविवारी आमच्या भागातले अनेक बाप कामावर असत आणि गुरुवारी घरी. गुरुवार हा दत्ताचा वार, त्यामुळे भजनाला तो शोभलाही. पण आकुर्डीत गुरुवारचे भजन ठरवण्यात श्रद्धेबरोबर वीज मंडळाचाही वाटा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोकांच्या परंपरा अशाच घडतात. नंतरची पिढी मात्र समजते की हा वार अनादिकाळापासूनच ठरलेला होता.

१६/
माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. कष्टकऱ्यांचे गाणे जगायला श्रद्धा लागते, हौस लागते, वाद्य लागते. पण या सर्वांच्या आधी लागतो एकाच वेळी मिळालेला रिकामा वेळ. एकट्याची सुट्टी पुरत नाही, दहाजणांची एकदम लागते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात आणली. अमेरिकेत १९३८ चा कायदा झाला आणि १९४० पासून ४० तासांचा आठवडा लागू झाला. यांकोविकची ध्वनिमुद्रिका गाजली त्या १९४८ मध्ये तिथल्या कामगाराकडे शनिवारची रात्र होती आणि खिशात नाचघराच्या तिकिटाचे पैसेही होते. पोल्काच्या वैभवाची गोष्ट सांगताना या कायद्याचे नाव क्वचित येते. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यावे.

१७/
आपल्याकडचे मोठे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे. कोकणातला चाकरमानी गिरणीत आला तो भजन, नमन आणि शक्ती-तुरा घेऊन. गाळ्यांतल्या खोल्यांत गावागावांची मंडळे झाली. दोन बुवा समोरासमोर बसून रात्र रंगवतात ती डबलबारी मुंबईतही तितकीच बहरली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभारले ते याच मातीत. १९५३ च्या कायद्यातून पुढे कामगार कल्याण मंडळ आले, त्याची केंद्रे कामगारांच्या भजन आणि नाट्यस्पर्धा घेऊ लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्यांबरोबर पगार गेला, आणि पगाराबरोबर ती एकदम मिळणारी सुट्टीही गेली.

१८/
कारखाना बंद पडला की गाणे त्याच दिवशी बंद पडत नाही. अमेरिकेत १९ सप्टेंबर १९७७ रोजी यंग्सटाउनचा मोठा पोलाद कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली आणि त्या पट्ट्यातील भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या. पोल्का मात्र राहिला. उलट आहे ते जपण्याची धडपड त्यानंतर वाढली. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिडमध्ये पोल्काचे संग्रहालय उभे राहिले. १९९३ मध्ये विस्कॉन्सिनने पोल्काला राज्याचे अधिकृत नृत्य म्हणून मान्यता दिली. ग्रॅमीचा विभाग १९८६ ते २००९ चालला आणि बंद झाला. मानमरातब आले आणि गेले. बटणांच्या ॲकॉर्डियनची हौशी मंडळे आठवड्याच्या ठरल्या दिवशी जमत राहिली. तिथले बरेचसे वादक आता निवृत्त आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे. एकत्र रिकामा वेळ त्यांच्याकडेच उरला आहे.

१९/
आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच्या आगेमागे परिसरातल्या कितीतरी लहानमोठ्या कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. बाबांचा कारखाना निराळा. तिथेही तशी योजना आली आणि त्यांनी अर्ज भरला. मंडळातले पाचजण दोन वर्षांत गावी परतले. अण्णा पाटणला गेले, पेटी इथेच ठेवून. वहीत त्या काळातल्या ओळी आखूड होत जातात. चौदाचे नऊ, नवाचे सहा. चालीच्या रकान्यात पाटण लिहिलेले दिसते, पण गाणारा पाटणचा नाही. अण्णांची पाळी बाबा भरून काढत होते.

२०/
नवी मुले आली नाहीत, त्यांना भक्ती नाही, मोबाइलने सगळे नासवले, असे ज्येष्ठांकडून ऐकू येते. मला ते पटत नाही. आमच्या खालच्या खोलीत नांदेडकडचा एक मुलगा भाड्याने राहत होता. आळंदीत चार वर्षे राहून पखवाज शिकलेला. नोकरी चाकणच्या पट्ट्यात, ठेकेदाराकडे, येण्याजाण्याचे तास धरून दिवसाचे चौदा. सुट्टी कधी सोमवारी, कधी बुधवारी, कधी नाहीच. पखवाज कापडात बांधून माळ्यावर ठेवलेला. बाबांनी त्याला तीन वेळा बोलावले. तो तीनही वेळा मनापासून हो म्हणाला आणि एकदाही येऊ शकला नाही. अकरा महिन्यांचा करार संपला, खोली बदलली. त्याच्याकडे हात होता, हौस होती, वाद्यही होते. गुरुवार नव्हता.

२१/
याच काळात आमच्याच गल्लीत दुसरे मंडळ भरभराटीला आले: आईचे. महिला भजनी मंडळ दुपारी तीनला बसते. डबे, धुणी, शाळा हे सगळे उरकलेले आणि संध्याकाळचा स्वयंपाक लागायचा असतो, तेवढे दोन तास बायका एकमेकींसाठी राखून ठेवतात. तो वेळ कोणत्या कायद्याने दिलेला नाही. त्यांनी तो आपसांत ठरवून काढला आहे. अण्णांची पेटी आता त्यांच्याकडे आहे. बसकी पट्टी त्यांनी दुरुस्त करून घेतली. आईने पेटी शिकायला सुरुवात केली ती चाळिशी उलटल्यावर. पुरुषांचे मंडळ पातळ झाले तेव्हा आकुर्डीची ती मिश्र चाल या दुपारच्या बैठकीत टिकली, हे मी माझ्या प्रबंधाच्या टाचणांत ठळकपणे नोंदवून ठेवले आहे.

२२/
शुद्धतेचा प्रश्न येथे कोणीतरी विचारणारच. बायका मध्येच एखादी चित्रपटगीताची चाल अभंगाला लावतात, ज्येष्ठ मंडळी नाके मुरडतात. पण यांकोविकने स्लोव्हेन गाणी इंग्रजी शब्दांत गायली म्हणून ती वस्तीबाहेर गेली. पेटी स्वतः परकी होती आणि तीस वर्षे आकाशवाणीबाहेर होती. जी माणसे गात आहेत त्यांना बदलण्याचा अधिकार असतो, एवढे मान्य केले की वाद संपतो. मात्र बदलण्यापूर्वी काय होते, याची नोंद ठेवणे हे आपल्यासारख्या इतिहासप्रेमींचे काम आहे. गाणाऱ्यांनी गावे, लिहून आपण ठेवावे.

२३/
आणि ही नोंद फक्त आपल्या बोलीपुरती नसावी. चाकणमध्ये २००९ ला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आगेमागे मोटारींचा आणि सुट्या भागांचा केवढा तरी पसारा वाढला. आज त्या पट्ट्यात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेली मुले राहतात. त्यांच्या खोल्यांतून ढोलक आणि मंजिऱ्यांचा आवाज येतो. छठच्या दिवशी मोशीला इंद्रायणीच्या घाटावर त्यांची गाणी ऐकू येतात. पन्नास वर्षांपूर्वी बाबांच्या पिढीच्या ट्रंकेत जे होते तेच त्यांच्या पाठपिशव्यांत आहे. त्यांना एकत्र बसायला वार मिळाला तर इथे आणखी एक गाणे उभे राहील, जे त्यांच्या मूळ गावीही सापडणार नाही.

२४/
शेवटी एक विनंती. क्लीव्हलंडच्या चाली तबकड्यांवर उतरल्या, त्यामुळे गाणारे गेले तरी त्या राहिल्या. आपल्या अभंगांचे शब्द गाथेत छापलेले आहेत, ते कुठे जाणार नाहीत. चाली मात्र छापलेल्या नाहीत. त्या आजोबांच्या, काकूंच्या, शेजारच्या मामांच्या गळ्यात आहेत. तुमच्या घरी भजनाची, शाहिरीची, जागरण-गोंधळाची जुनी वही असेल तर ती उघडा. हिशेबाची पाने फाडू नका, तीच सर्वांत बोलकी असतात. ज्यांना चाल येते त्यांना समोर बसवून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि प्रत्येक अभंगाच्या समासात त्या चालीचे गाव लिहा. कोणाकडून आली, कोणत्या साली, कोणत्या पाळीत असताना शिकली, तेही लिहा. आमच्या वहीतल्या एकशे बारा अभंगांपैकी एकोणचाळिसांच्या चालींची गावे आजवर लागली आहेत. उरलेल्यांसाठी पुढच्या महिन्यात मी पाटणला अण्णांकडे जाणार आहे. त्यांनी फोनवर एकच विचारले, पेटीचा तो सूर दुरुस्त केला का? केला म्हटल्यावर म्हणाले, मग मला बोटे नव्याने बसवावी लागतील.